मार्चचा हिशेब नोव्हेंबरात

३ आणि ४ डिसेंबर २०२४. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोसम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. त्या दोन रात्रींत साउथईस्टर्न कॉन्फरन्स म्हणजे एसईसी आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणजे एसीसी या दोन बलाढ्य गटांमध्ये सोळा सामने झाले. एसईसीने चौदा जिंकले. एसीसीला दोनच विजय मिळाले: ड्यूकने ऑबर्नला ८४-७८ असं हरवलं आणि क्लेम्सनने केंटकीला ७०-६६ असं. मायकल जॉर्डन ज्या विद्यापीठाकडून खेळला त्या नॉर्थ कॅरोलिनाला अलाबामाने त्यांच्याच कोर्टवर येऊन पंधरा गुणांनी हरवलं.

पुढे मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेची यादी लागली, तेव्हा एसईसीच्या सोळापैकी चौदा संघांची नावं तिच्यात होती. एसीसीच्या अठरापैकी चारच. मधल्या तीनेक महिन्यांत शेकडो सामने झाले, अटीतटीचे झाले, तरी हे चित्र फारसं हललं नाही. ते का हललं नाही, हे समजलं की नोव्हेंबरातले सामने वेगळ्याच नजरेने बघायला लागतो.

आधी रचना सांगायला हवी. कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं खेळतात. ती तीसएक गटांत विभागलेली आहेत आणि या गटालाच तिथे कॉन्फरन्स म्हणतात. मार्चच्या बाद फेरीच्या स्पर्धेत जागा फक्त ६८. त्यातल्या ३१ कॉन्फरन्स-विजेत्यांना आपोआप मिळतात. उरलेल्या ३७ जागा एक समिती बंद खोलीत बसून वाटते, आणि सगळी मारामारी असते ती या ३७ जागांसाठी.

नोव्हेंबर आणि डिसेंबरात प्रत्येक संघ मुख्यतः गटाबाहेरच्यांशी खेळतो. नव्या वर्षापासून जवळपास सगळे सामने गटातल्या गटात होतात. गटात एक जिंकला की दुसरा हरणारच, म्हणजे सोळा संघ दोन महिने आपसांत कितीही झुंजले तरी गटाचे एकूण विजय आणि एकूण पराभव सारखेच राहतात. घरातल्या घरात पैसे फिरवून घरात नवा पैसा येत नाही, तसंच हे. नवी कमाई होते ती बाहेरच्यांना हरवून, आणि त्यासाठी हातात असतात पहिले सात-आठ आठवडे. त्या काळात ज्या गटाने भरपूर कमावलं, त्याच्या तळाच्या संघाला हरवणंही जानेवारीत मोलाचं ठरतं. ज्याने गमावलं, त्याच्या चांगल्या संघांनाही पुढे मोठा विजय मिळवायला प्रतिस्पर्धीच उरत नाही.

समितीच्या हातात ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. तिच्या आधारे प्रत्येक सामना चारपैकी एका प्रतीत टाकला जातो. घरच्या कोर्टवर पहिल्या ३० मधला संघ, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला, किंवा बाहेर जाऊन पहिल्या ७५ मधला संघ समोर असेल, तर तो पहिल्या प्रतीचा सामना. नॉर्थ कॅरोलिनाने गेल्या मोसमात असे तेरा सामने खेळले आणि बारा गमावले. तरी त्यांना अगदी शेवटची जागा मिळाली आणि त्यावरून देशभर वाद पेटला, कारण निवड समितीचे अध्यक्ष त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. नियमाप्रमाणे आपल्या संघाच्या चर्चेच्या वेळी ते खोलीबाहेर थांबले होते. पण माझ्या मते खरा प्रश्न त्यांच्या खुर्चीचा नव्हताच. डिसेंबरात आख्ख्या गटाची पत गेली होती आणि तिची भरपाई फेब्रुवारीत करायला जागाच नव्हती.

एकाच गटाचे चौदा संघ हा विक्रम आहे. आधीचा विक्रम २०११ मध्ये बिग ईस्टने केला होता, अकरा संघांचा. त्या वर्षी बिग ईस्टच्या साखळीत नवव्या क्रमांकावर राहिलेल्या कनेटिकटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. गटाची पत काय करू शकते याचा यापेक्षा मोठा दाखला नाही. त्याच कनेटिकटला गेल्या मोसमात याची दुसरी बाजूही दिसली. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं विजेते झाल्यावर प्रशिक्षक डॅन हर्ली यांचा संघ तिसऱ्यासाठी निघाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवाईतल्या माउई स्पर्धेत तो मेम्फिस, कोलोरॅडो आणि डेटन यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. मार्चमध्ये मानांकन मिळालं आठवं. आठवं मानांकन म्हणजे दुसऱ्याच सामन्यात अग्रमानांकिताशी गाठ. समोर आला फ्लोरिडा, आणि ७७-७५ असा दोन गुणांनी कनेटिकटचा प्रवास संपला. फ्लोरिडा पुढे विजेता झाला. तो संघ इतक्या लवकर समोर आला यात माउईतल्या तीन दिवसांचा मोठा वाटा होता.

आता नवा मोसम ३ नोव्हेंबर २०२५ ला सुरू होतोय, आणि या सगळ्यातून कोण काय शिकलं ते पहिल्या महिन्यातच कळेल.

सर्वांत उघड धडा एसीसीने घेतला. त्यांनी गटातल्या सामन्यांची संख्या वीसवरून अठरावर आणली आणि बाहेर कमवायला दोन सामने मोकळे केले. निर्णय योग्य आहे, पण ते दोन सामने दुबळ्यांशी खेळले तर पदरात काहीच पडणार नाही. ड्यूकची चिंता नाही. प्रशिक्षक जॉन शायर यांच्या संघातून कूपर फ्लॅग गेला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, आणि त्याच्या जागी कॅमेरॉन बूझर आला. कॅमेरॉन आणि केडन हे जुळे भाऊ म्हणजे २००१ च्या विजेत्या ड्यूक संघातल्या कार्लोस बूझरचे मुलगे. ड्यूक पहिल्याच महिन्यात कॅन्सस आणि आर्कान्सासशी खेळतो आणि डिसेंबर उजाडताच गतविजेत्या फ्लोरिडाशी. प्रश्न आहे तो ड्यूकच्या मागच्यांचा. लुइव्हिल वर येतोय, नॉर्थ कॅरोलिनाकडे केलेब विल्सनसारखा नवा मुलगा आहे. या दोघांनी डिसेंबरपर्यंत दोन-तीन मोठे विजय आणले नाहीत, तर एसीसी पुन्हा चार-पाच जागांवर अडकेल.

एसईसीकडून यंदा चौदाची अपेक्षा कोणी करू नये. गेल्या मोसमात त्यांनी बाहेरच्यांविरुद्ध १८५ सामने जिंकले आणि २३ गमावले. असं वर्ष रोज येत नाही. फ्लोरिडाने विजेतेपद ज्या तीन गार्डच्या जोरावर मिळवलं, ते वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड तिघंही गेले. त्यांच्या जागी आर्कान्सासचा बूगी फ्लँड आणि प्रिन्स्टनचा झेव्हियन ली आलेत. मात्र बास्केटखालची उंच फळी, ॲलेक्स कॉन्डन, थॉमस हॉ आणि रूबेन चिनयेलू, जशीच्या तशी आहे आणि अशी फळी देशात दुसरी नाही. प्रशिक्षक टॉड गोल्डन यांना नव्या गार्डची घडी बसवायला वेळ मिळणार नाही, कारण पहिल्याच रात्री लास वेगासमध्ये समोर ॲरिझोना आहे. ऑबर्नमध्ये तर प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनी मोसमाला सहा आठवडे उरलेले असताना निवृत्ती जाहीर केली आणि जबाबदारी मुलावर, स्टीव्हन पर्ल यांच्यावर आली. गेल्या वर्षी अंतिम चारात पोचलेला संघ असा शेवटच्या क्षणी हात बदलतो, तेव्हा नोव्हेंबर जड जातो.

बिग ट्वेल्व्ह या गटाकडे माझं लक्ष सर्वांत जास्त आहे. तिथल्या ह्यूस्टनचे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांनी नुकतीच सत्तरी गाठली. गेल्या मोसमात त्यांच्या संघाने ३५ सामने जिंकले, पाच गमावले. उपान्त्य सामन्यात ड्यूकविरुद्ध आठेक मिनिटं उरलेली असताना ते चौदा गुणांनी मागे होते आणि ७०-६७ असे जिंकले. अंतिम सामन्यात उलट झालं. उत्तरार्धात बारा गुणांची आघाडी घेऊनही फ्लोरिडाकडून ६५-६३ असे हरले. त्या रात्रीचा शेवटचा क्षण पाहिलेला माणूस विसरणार नाही. दोन गुण मागे असताना इमॅन्युएल शार्पने तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी घेतली. क्लेटन धावत अंगावर आला. शार्पला दिसलं की फटका अडवला जाणार, म्हणून त्याने हवेतच चेंडू सोडून दिला. आता तो स्वतः चेंडूला हात लावू शकत नव्हता, लावला असता तर नियमभंग झाला असता. चेंडू त्याच्यासमोर टप्पे खात राहिला, कॉन्डनने त्यावर झेप घेतली आणि वेळ संपला. मोसमातल्या चाळीसाव्या सामन्यात ह्यूस्टनला शेवटचा फटकासुद्धा मारता आला नाही. शार्प, मिलोस उझान आणि जोसेफ टगलर तिघंही यंदा परत आलेत.

याच गटात ब्रिगम यंग विद्यापीठाकडे एजे डिबान्ट्सा आलाय आणि कॅन्ससकडे डॅरिन पीटरसन. बूझरसह हे तिघं पुढच्या ड्राफ्टमध्ये अगदी वर असतील असं सगळेच जाणकार म्हणतात. टेक्सस टेककडे जेटी टॉपिन आहे, गेल्या वर्षीचा गटातला सर्वोत्तम खेळाडू. ॲरिझोना आहे, आयोवा स्टेट आहे. सलग पाच-सहा संघ इतके तगडे दुसऱ्या कुठल्या गटात मला दिसत नाहीत. जाता जाता कॅन्ससबद्दल एक गोष्ट. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत ज्यांनी हा खेळ शोधला, ते जेम्स नेस्मिथ हेच कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक. त्याच वायएमसीएच्या वाटेने हा खेळ भारतात आला, आणि मुंबईत नागपाड्याच्या वायएमसीएच्या मैदानावर आजही त्याचं वेड टिकून आहे.

आता पर्ड्यू.

हा अंक छपाईच्या घाईत असताना, १३ ऑक्टोबरला, असोसिएटेड प्रेसची मोसमपूर्व क्रमवारी आली. पहिला पर्ड्यू, दुसरा ह्यूस्टन, तिसरा फ्लोरिडा, चौथा कनेटिकट, पाचवा सेंट जॉन्स. मोसम सुरू होण्याआधी पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर असण्याची त्यांच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत पर्ड्यूचं नाव माहीत असतं ते इंजिनिअरिंगच्या एमएसमुळे. इंडियानातल्या वेस्ट लफायेटच्या त्या आवारात भारतीय मुलं मोठ्या संख्येने शिकतात आणि त्यांत मराठी मुलंही असतात. ज्यांनी आयुष्यात कधी बास्केटबॉल बघितला नाही, असे विद्यार्थी तिथे गेल्यावर दोन महिन्यांत मॅकी अरीनाच्या तिकिटांची चौकशी करू लागतात. १९६७ मध्ये उघडलेली ती गोल, घुमटाची इमारत पंधरा हजाराला थोडे कमी प्रेक्षक सामावते. छताखाली आवाज असा कोंडतो की पाहुण्या संघाला शेजारच्या खेळाडूचं ओरडणंही ऐकू येत नाही.

पर्ड्यूचा खेळ बघायचा तर ब्रेडन स्मिथकडे बघावं. उंची सहा फूट, म्हणजे या खेळात बुटकाच. तो चेंडू टप्पे देत पुढे आणतो, ट्रे कॉफमन-रेन येऊन त्याच्या बचावपटूची वाट अडवतो, आणि स्मिथ त्या आडोशाभोवती वळतो. तो घाई करत नाही. दोन बचावपटू आपल्याकडे येईपर्यंत थांबतो, बचावपटूला पाठीवर घेऊन एक टप्पा जास्त देतो, आणि मग त्या दोघांच्या मधल्या फटीतून चेंडू खाली सरकवतो. कॉफमन-रेन सात-आठ फुटांवरून एका हाताने तो अलगद ढकलतो. समोरच्या सगळ्यांना हेच येणार हे माहीत असतं, तरी थांबवता येत नाही. गेल्या मोसमात कॉफमन-रेनची सरासरी वीस गुणांवर होती आणि स्मिथ पर्ड्यूच्या गटाचा, म्हणजे बिग टेनचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन मोसमांत स्मिथच्या नावावर ७५८ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, आहेत. कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम आहे १,०७६ चा, ड्यूकच्या बॉबी हर्लीने १९९३ मध्ये संपवलेल्या कारकिर्दीत केलेला. बॉबी म्हणजे कनेटिकटच्या डॅन हर्ली यांचाच भाऊ. तो विक्रम या मोसमात मोडू शकतो.

प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्या या संघाबद्दल मला जिव्हाळा वाटतो त्याचं कारण वेगळं आहे. खेळाडूंनी विद्यापीठं बदलण्यावरचे निर्बंध सैल झाल्यापासून दर वसंतात हजाराहून जास्त खेळाडू बदलीच्या यादीत नाव घालतात. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा आहे विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, त्यांच्याच घामावर हा डोलारा उभा आहे. पण या सगळ्यात स्मिथ, कॉफमन-रेन आणि फ्लेचर लॉयर शाळेतून पर्ड्यूत आले आणि तिथेच राहिले. २०२३ मध्ये अग्रमानांकित असून सोळाव्या मानांकित फेअरले डिकिन्सनकडून ते ६३-५८ असे हरले, देशाने त्यांची टर उडवली. पुढच्याच वर्षी ते अंतिम सामन्यात पोचले आणि कनेटिकटकडून हरले. गेल्या मार्चमध्ये ह्यूस्टनने हरवलं, ६२-६०. बरोबरी झालेली असताना उझानने बाहेरून चेंडू आत फेकला, टगलरने तो त्यालाच परत दिला, आणि ०.९ सेकंद उरलेले असताना उझानने बास्केटखालून गुण घेतले. इतके घाव झेलून तेच तिघं पुन्हा कोर्टवर येतात, हे आजच्या काळात दुर्मीळ आहे.

बिग टेनच्या एकाही संघाने २००० नंतर विजेतेपद मिळवलेलं नाही. तेव्हा मिशिगन स्टेट जिंकला होता. तेव्हापासून या गटाचे संघ आठ अंतिम सामने हरलेत. यंदा पर्ड्यूमागे डस्टी मे यांचा मिशिगनही आहे, आणि तो संघ नोव्हेंबरअखेर अनेकांना चकित करेल असा माझा अंदाज आहे.

बिग ईस्टबद्दल थोडक्यात. अकराच विद्यापीठं, बहुतेकांकडे अमेरिकन फुटबॉलचा मोठा संघ नाही. हेच आता त्यांचं बळ ठरू शकतं, कारण वर सांगितलेल्या रकमेतला मोठा वाटा इतरत्र फुटबॉल घेऊन जातो. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सने रिक पिटिनो यांच्या हाताखाली गेल्या मोसमात ३१ सामने जिंकले. त्याच्या आदल्या वर्षी बिग ईस्टला राष्ट्रीय स्पर्धेत फक्त तीन जागा मिळाल्या होत्या आणि सेंट जॉन्स बाहेर राहिलं होतं. पिटिनो यंदा ८ नोव्हेंबरलाच अलाबामाशी खेळताहेत.

राहिले लहान. मला या खेळाची ओढ लागली ती त्यांच्यामुळे. २०२२ मध्ये न्यू जर्सीचं छोटंसं सेंट पीटर्स पंधराव्या मानांकनावरून केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यूला हरवत शेवटच्या आठात गेलं. २०२३ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक अंतिम चारात होतं. आणि २०२५ मध्ये? शेवटच्या सोळात सात संघ एसईसीचे, चार बिग टेनचे, चार बिग ट्वेल्व्हचे, एक एसीसीचा. बाकी सगळा देश बाहेर. फ्लोरिडाच्या विजेत्या गार्डकडेच बघा: क्लेटन आयोनाहून आलेला, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, रिचर्ड बेलमाँटहून. लहानांनी घडवायचं आणि मोठ्यांनी न्यायचं. आयोवातल्या ड्रेकचं उदाहरण आणखी बोचरं आहे. बेन मॅकॉलम खालच्या विभागातून आपले चार खेळाडू घेऊन तिथे आले, एका वर्षात ३१ सामने जिंकले, राष्ट्रीय स्पर्धेत मिझुरीला हरवलं. काही दिवसांत त्यांना बिग टेनमधल्या आयोवाने नेलं आणि पाठोपाठ त्यांचा सर्वोत्तम गार्ड बेनेट स्टर्ट्झही गेला. ड्रेकला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

याच्या जोडीला वेळापत्रकाचा अन्याय. मोठी विद्यापीठं लहानांना पैसे देऊन आपल्या कोर्टवर बोलावतात, पण त्यांच्या गावी जात नाहीत. जो लहान संघ खरोखर चांगला आहे, त्याला तर बोलावतही नाहीत, कारण हरलं तर क्रमवारी बिघडते. मोठे आपसांत लास वेगासला भेटतात, तिथल्या प्लेअर्स इरा स्पर्धेत यंदा अठरा संघ आहेत आणि प्रत्येकाच्या खेळाडूंसाठी दहा लाख डॉलर. म्हणजे ज्या सात-आठ आठवड्यांत पत कमवायची, तेवढ्यातच लहानांना दार बंद. राष्ट्रीय स्पर्धेत, अंतिम सामना सोडून, खेळलेला प्रत्येक सामना त्या संघाच्या कॉन्फरन्सला पुढच्या सहा वर्षांत सुमारे वीस लाख डॉलर मिळवून देतो. ज्याला जागा मिळते त्याच्याकडे पैसा जातो, पैशाने खेळाडू येतो, खेळाडूने पुन्हा जागा. प्रत्येक मोठ्या संघाने डिसेंबरपूर्वी लहान गटातल्या एका चांगल्या संघाच्या गावी जाऊन खेळलंच पाहिजे, असा नियम एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, करावा असं मला मनापासून वाटतं. त्याशिवाय मार्चमधली जादू टिकणार नाही.

माझा कौल असा: सर्वांत बळकट गट बिग ट्वेल्व्ह, एसईसीच्या जागा दहा-अकरावर येतील, एसीसी सहापर्यंत जाईल, आणि ६ एप्रिल २०२६ ला इंडियानापोलिसमध्ये, वेस्ट लफायेटपासून तासाभराच्या अंतरावर, अंतिम सामना होईल तेव्हा पर्ड्यू त्यात असेल. या कौलाविरुद्ध एक मोठा आकडा उभा आहे हेही सांगायला हवं. मोसमापूर्वी पहिल्या क्रमांकावर असलेला संघ शेवटी विजेता झाला, असं यापूर्वी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या बाबतीत घडलं, त्यानंतर नाही.

ज्यांची मुलं, भाचरं तिथे शिकताहेत त्यांनी त्यांच्याबरोबर, आणि बाकीच्यांनी एकट्याने, मार्चची वाट न बघता हे सामने बघावेत. ३ नोव्हेंबरला फ्लोरिडा आणि ॲरिझोना, १३ ला टस्कलूसामध्ये पर्ड्यू आणि अलाबामा, १५ ला बोस्टनमध्ये कनेटिकट आणि ब्रिगम यंग, १८ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच रात्री ड्यूक-कॅन्सस आणि केंटकी-मिशिगन स्टेट, २ डिसेंबरला ड्यूक आणि फ्लोरिडा. तिथली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची सकाळ.